रॉस बेट बघायला जाताय? मग मागचं एवढं माहिती असू द्या

दिवाळीनंतर सोलापुरातनं अंदमानला जाणारे ग्रुप वाढलेत, हैदराबाद नाहीतर पुण्यावरनं विमान आणि पाच-सहा दिवसांचं पॅकेज. सेल्युलर जेलला आपली माणसं मनापासून हात जोडतात, सावरकरांच्या कोठडीपुढं बऱ्याच जणांचे डोळे भरून येतात. पण त्याच्या समोरच्या रॉस बेटावर बोट लागली की हरणं, नारळाची झाडं, फोटो आणि परत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जेलची सगळी कथा त्या बेटावरनं सुरू होते आणि ते समजलं नाही तर जेल पण अर्धाच समजतो.

तर सुरुवात १८५७ च्या उठावापासनं. उठाव मोडल्यावर हजारो लोकांना ठेवायचं कुठं हा इंग्रजांपुढं प्रश्न होता. अंदमानात त्यांनी १७८९ ला एकदा वसाहत करून बघितली होती, पण रोगराईनं माणसं मरायला लागली म्हणून १७९६ ला सोडून दिली. आता तीच जागा कामाला आली. १० मार्च १८५८ ला जेम्स वॉकर नावाचा डॉक्टर २०० कैदी घेऊन जहाजानं पोहोचला. हा आधी आग्र्याच्या जेलचा सुपरिटेंडंट होता. पहिला तळ चॅथम बेटावर पडला, तिथं पाण्याची बोंब, म्हणून मग रॉस. बंदराच्या अगदी तोंडावर, चारी बाजूनं समुद्र, पळून जायला वाव नाही आणि जंगलातल्या अंदमानी लोकांचा हल्ला व्हायची भीती कमी.

जंगल तोडणारे, दगड फोडणारे, भिंती बांधणारे सगळे कैदीच होते. पायात बेड्या, वरनं पाऊस, मलेरिया. कितीतरी जण पळाले आणि जंगलात संपले, काही परत पकडले गेले, आणि वॉकरनं पळालेल्यांपैकी ऐंशीहून जास्त लोकांना एकाच दिवशी फाशी दिली! सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं, म्हणजे जेल उभा राहायच्या जवळपास अर्धशतक आधीची ही माणसं. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच फलकावर दिसत नाहीत.

त्यांच्या मेहनतीवर रॉसवर साहेब लोकांचं गाव उभं राहिलं. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, क्लब, बेकरी, छापखाना, पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट सुद्धा. बेट एवढुसं की निवांत चालत तास-दोन तासांत फिरून होतं, पण पूर्ण अंदमानचा कारभार इथनं चालायचा. सावरकर १९११ ला जेलमध्ये आले तेव्हा त्यांच्यासारख्यांबद्दलचे हुकूम याच बंगल्यातनं सुटत होते.

आता बेटावर दिसते ती इमारतींची पडझड. बरेच जण तिथं म्हणतात बॉम्बिंगनं पडलं असेल. पण पहिला दणका भूकंपाचा होता, २६ जून १९४१ चा, फार मोठा. बेटाला तडे गेले आणि साहेब लोकांचा तिथनं जीव उडाला. नऊ महिन्यांत, २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य उतरलं, कुणी एक गोळी झाडली नाही. जपान्यांनी पडक्या इमारतींचं सामान काढून बंकर बांधले. जेट्टीजवळचा बंकर अजून आहे, ठेंगणा, जाड काँक्रीटचा, समुद्राकडं तोंड करून. चर्चच्या भिंती मात्र झाडांनी धरल्यात, मुळं विटांच्या सांध्यात अशी शिरलीत की आता मूळ काढलं तर भिंत पडेल.

जपान्यांचा काळ आपल्याकडं फारसा कुणी सांगतच नाही. आपण सोलापूरकरांनी तरी विचारायला पाहिजे, कारण भैय्या चौकातल्या ज्या घरात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे ते डॉक्टर याच जपानी सैन्याशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्ये गेले. आणि त्याच काळात अंदमानात दुसरे एक डॉक्टर होते, दिवाण सिंग, पंजाबीत कविता लिहायचे. हेरगिरीचा आळ घेऊन जपान्यांनी त्यांना सेल्युलर जेलमध्ये टाकलं, महिनोन्महिने छळ केला, आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले.

मधल्या काळात २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी आले. ३० तारखेला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकला, मुक्काम रॉसवरच्या त्याच चीफ कमिशनरच्या बंगल्यात. आपल्या नगरपालिकेवर १९३० ला तिरंगा लागला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शहरात मार्शल लॉ आला, म्हणून झेंडा वर चढणं म्हणजे काय हे सोलापूरला सांगायला नको. पण नेताजी तिथं होते तेव्हा डॉक्टर दिवाण सिंग आत कोठडीत होते, आणि बरोबर महिन्यानं, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरजवळच्या हंफ्रीगंजला जपान्यांनी ४४ लोकांना गोळ्या घातल्या, तेही हेर समजून. त्यातले बरेच जण इंडियन इंडिपेंडन्स लीगचे, म्हणजे स्वातंत्र्यासाठीच काम करणारे! या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय ३० डिसेंबर पूर्ण होत नाही असं माझं ठाम मत आहे, यानं नेताजींचं मोठेपण कमी होत नाही.

१९४५ ला इंग्रज परत आले पण रॉसवर पुन्हा राजधानी केली नाही. बेट तसंच ओसाड राहिलं, १९७९ ला नेव्हीकडं गेलं, आणि ३० डिसेंबर २०१८ ला नाव बदलून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. पोर्ट ब्लेअर पण आता श्री विजयपुरम आहे, तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

जमलं तर रॉस आधी बघा आणि जेल नंतर. हंफ्रीगंजचं स्मारक बहुतेक पॅकेजमध्ये नसतं, पण वांडूरच्या रस्त्यावरच आहे, ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.