स्क्रिप्टिंग भाषेचे इन्स्टॉलेशन हलवणे

पर्ल, पायथन यांसारख्या भाषेचे सगळे इन्स्टॉलेशन एका डिरेक्टरीतून दुसरीकडे नेल्यावर ते पूर्वीसारखे चालावे म्हणून करावी लागणारी दुरुस्ती. लिनक्सवर नुसते फोल्डर उचलून नेले की पर्लचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम) अनेकदा सुरू होतो, पण पर्लसोबतच येणारे साधे 'स्ट्रिक्ट' मॉड्यूलही त्याला सापडत नाही.

याचे मूळ कंपाइल करण्याच्या वेळी असते. तेव्हा दिलेला 'प्रिफिक्स' (इन्स्टॉलेशनच्या डिरेक्टरीचा पाथ) पर्लच्या बायनरीत, म्हणजे कंपाइल झालेल्या फायलीत, आणि कॉन्फिग मॉड्यूलमध्ये जसाच्या तसा उतरतो व मॉड्यूल शोधायच्या जागांची यादी त्यावरूनच ठरते. मजकुराच्या फायलीतला पाथ बदलता येतो. बायनरीतला बदलताना लांबी सांभाळावी लागते, म्हणून तिथे हात न घातलेला बरा. पर्ल ५.१० (२००७) पासून बांधणीच्या वेळीच 'रिलोकेटेबल' (हलवता येण्याजोगा) पर्याय निवडता येतो. मग ही यादी इंटरप्रिटर जिथे असेल तिथून मोजली जाते. हाच खरा उपाय. एरवी मॉड्यूलच्या जादा जागा सांगणारे 'पर्ल५लिब' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) यावर काम भागवावे लागते.

पायथन आपले घर स्वतःच्या जागेवरून शोधतो, त्यामुळे तो कमी अडतो. मात्र ३.३ (२०१२) पासून आलेल्या व्हेन्वमध्ये (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथन वातावरणात) ते सुरू करणारी ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट आणि पॅकेजे बसवणाऱ्या पिपची शिबँग ओळ (इंटरप्रिटर कोणता ते सांगणारी स्क्रिप्टची पहिली ओळ), दोन्हींत पूर्ण पाथ असतो. म्हणून व्हेन्व हलवू नये. पॅकेजांची यादी काढून नव्या जागी पुन्हा बनवावे.

मुंबईतल्या महाविद्यालयांच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांना सहसा रूटचे (सिस्टिमच्या प्रशासकाचे) अधिकार नसतात. भाषा होम डिरेक्टरीतच बसवली जाते आणि ते होम नव्या डिस्कवर गेले की हा प्रश्न उभा राहतो. पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प पायथनच्या प्रसाराचे मोलाचे काम करतो, तर तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियल या दृक्श्राव्य शिक्षण-प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. लॅबच्या प्रात्यक्षिकांत इन्स्टॉलेशन हलवण्यालाही जागा मिळायला हवी.

नवशिक्याला सर्वाधिक चकवते ती शिबँग. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असते, तरी शेल 'फाइल नाही' म्हणते, कारण नसतो तो पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर. जुनी डिरेक्टरी शिल्लक असेल तर धोका आणखी मोठा: एररच येत नाही आणि स्क्रिप्ट गुपचूप जुनेच इन्स्टॉलेशन वापरत राहते. म्हणून तपासणीपूर्वी जुन्या डिरेक्टरीचे नाव बदलावे आणि मगच प्रत्येक स्क्रिप्ट चालवून पाहावी.