पोपटपंची नव्हे, भाषाच

स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारते ती निव्वळ पोपटपंची असते आणि ती मोडून काढली नाही तर त्याला खरे बोलणे येणारच नाही, हा समज अनेक वर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे.

या पुनरुच्चाराला एकोलेलिया म्हणतात. ‘पाणी हवे का?’ या प्रश्नावर मूल ‘पाणी हवे का?’ असेच म्हणते, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ ‘हो, हवे’ असा असतो. स्वमग्नतेचे १९४३ साली वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांनीही पुनरुक्तीतून होकार देण्याची ही रीत नोंदवली होती. पुढे १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन या संशोधकांनी अशा उच्चारांमागचा स्वर, नजर आणि हालचाल बारकाईने तपासून दाखवले की त्यांतून मूल संवादात आपली पाळी घेते, मागणी करते, होकार देते, कधी स्वतःलाच सावरते. अर्थात प्रत्येक पुनरुच्चार हेतुपूर्वकच असतो, असेही नाही.

सगळीच मुले सुट्या शब्दांपासून वाक्याकडे जातात, हेही गृहीत धरू नये. काही मुले, स्वमग्न नसलेलीसुद्धा, आधी अख्खी वाक्ये उचलतात आणि मग त्यांचे तुकडे पाडून नवी जुळणी करतात. मात्र या निरीक्षणावर बेतलेल्या ठरावीक टप्प्यांच्या उपचारपद्धतींना अजून भक्कम पुराव्याचा आधार नाही. तोवर ‘तेच तेच बोलू नकोस’ म्हणून दटावण्याऐवजी ते वाक्य मुलाने प्रथम कोणत्या प्रसंगी ऐकले होते, हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.