निकोलाय एर्दमान : दोन नाटकं आणि त्यानंतरची चाळीस वर्षं

सोव्हिएत काळातले रशियन नाटककार एर्दमान यांची मोठी, पूर्ण लांबीची नाटकं दोनच. पहिलं त्यांनी पंचविशीच्या आत लिहिलं, दुसरं तिशीच्या आत. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ते चित्रपटांच्या पटकथा लिहीत राहिले. असं का झालं हे समजून घ्यायचं तर त्या दुसऱ्या नाटकापाशी जरा थांबावं लागतं.

एर्दमान यांचा जन्म १९०० सालचा, मॉस्कोतला. क्रांतीनंतरच्या धामधुमीत ते कवितेकडे वळले आणि येसेनिन ज्या कविमंडळात होते त्याच मंडळात गेले. १९२५ मध्ये दिग्दर्शक मेयरहोल्ड यांनी त्यांचं ‘मांदात’ (हुकूमनामा) हे नाटक रंगमंचावर आणलं आणि ते प्रचंड गाजलं. नव्या राजवटीत जुन्या जमान्यातल्या लोकांनी चालवलेली केविलवाणी धडपड पाहून प्रेक्षक पोट धरून हसत.

मग १९२८ मध्ये ‘सामोउबीत्सा’, म्हणजे आत्महत्या करणारा, हे नाटक लिहून झालं. सेम्योन पोदसेकालनिकोव्ह हा बेकार तरुण मध्यरात्री भूक लागली म्हणून बायकोला उठवतो. विषय कलेजीच्या सॉसेजचा. त्यावरून भांडण पेटतं आणि हा आता जीव देणार अशी बातमी पसरते. मग एकेक जण दाराशी येऊ लागतो. मरणारच आहात तर आमच्यासाठी मरा, चिठ्ठीत आमचं गाऱ्हाणं लिहा, असा प्रत्येकाचा आग्रह. बुद्धिजीवींचा प्रतिनिधी त्याला सांगतो की सध्याच्या काळात जिवंत माणसाच्या मनात जे येतं ते फक्त मेलेला माणूसच बोलू शकतो. एवढ्या एका वाक्यात त्या काळाचं सगळं भय आलं आहे. नाटकाच्या शेवटी पोदसेकालनिकोव्ह जिवंतच राहतो, पण त्याचं खरं मानून दुसऱ्याच कुणीतरी जीव दिल्याची बातमी येते. हसता हसता प्रेक्षकाच्या घशात आवंढा आणणारा असा शेवट मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

हे नाटक मेयरहोल्ड यांना करायचं होतं आणि मॉस्को आर्ट थिएटरचे दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनाही. रंगभूमीविषयीची दोघांची मतं दोन टोकांची, पण या नाटकावर दोघांचं एकमत होतं. स्तानिस्लाव्हस्कींनी थेट स्टालिनला पत्र लिहिलं. नोव्हेंबर १९३१ मध्ये उत्तर आलं : नाटकाविषयी आपलं मत फारसं चांगलं नाही, जवळचे सहकारी तर ते पोकळ आणि घातक मानतात, तरी थिएटरनं प्रयत्न करायला हरकत नाही. पुढच्या वर्षी मेयरहोल्ड यांनी पक्षाच्या नेत्यांपुढे प्रयोगाचा काही भाग करून दाखवला आणि नाटकावर बंदी आली.

१९३३ च्या ऑक्टोबरमध्ये काळ्या समुद्राकाठच्या गाग्रा गावी ‘वेस्योलिये रेब्याता’ या संगीतमय विनोदी चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. तिथेच एर्दमान आणि सहलेखक व्लादिमीर मास यांना अटक झाली. कारण होतं त्यांच्या बोचऱ्या पद्यकथा. चित्रपट प्रदर्शित झाला आणि देशभर लोकप्रिय झाला, पण श्रेयनामावलीतून दोघांची नावं गायब होती.

एर्दमान यांची रवानगी सैबेरियातल्या येनिसेइस्कला झाली, नंतर तोम्स्कला. तिथून आईला लिहिलेल्या पत्रांखाली ते ‘मामिन सिबिर्याक’ अशी सही करत. मामिन-सिबिर्याक हे एका जुन्या रशियन कादंबरीकाराचं नाव, आणि शब्दशः अर्थ ‘आईचा सैबेरियावाला’. लेकाची काळजी करणाऱ्या त्या माउलीला तेवढाच दिलासा.

१९३६ मध्ये हद्दपारी संपली, पण मॉस्कोत राहायची मुभा मिळाली नाही. ‘वोल्गा-वोल्गा’ (१९३८) या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता आणि तो स्टालिनच्या खास आवडीचा ठरला. युद्धकाळात ते अंतर्गत सुरक्षा खात्याच्या गीत-नृत्य पथकासाठी लिहीत होते. ज्या खात्याच्या माणसांनी त्यांना पकडून नेलं होतं, त्याच खात्याच्या पथकात! १९५१ मध्ये ‘स्मेलिये ल्यूदी’ या चित्रपटासाठी त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळालं. मिखाईल वोल्पिन यांच्या जोडीनं त्यांनी लिहिलेला ‘मोरोझ्को’ (१९६४) हा परीकथेवरचा चित्रपट रशियन मुलं आजही पाहतात.

या पटकथा कसबी लेखकाच्या आहेत, त्यांना कमी लेखू नये. पण ‘सामोउबीत्सा’ लिहिणाऱ्या माणसानं तिसरं तसं नाटक लिहिलंच नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. मेयरहोल्ड यांना १९४० मध्ये गोळी घातली गेली. एर्दमान १९७० च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या हयातीत हे नाटक रंगमंचावर आलं ते १९६९ मध्ये, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला. मॉस्कोत १९८२ मध्ये सटायर थिएटरनं ते केलं, पण लवकरच प्रयोग थांबवावे लागले. मायदेशात ते छापलं गेलं १९८७ मध्ये, लिहून झाल्यावर ५९ वर्षांनी.