परक्या खोलीत मोजलेली झोप

झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र काढल्यावर निद्रानाशाच्या काही रुग्णांचा अहवाल चक्क बरा येतो. महिनोन्‌महिने तळमळत रात्री काढलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं कोण खरं मानणार? यंत्र चुकलेलं नसतं आणि रुग्णही खोटं बोलत नसतो. झोप मोजली गेली, ती त्या खोलीतली.

पॉलिसोम्नोग्राफी या तपासणीत मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास, हृदयाचे ठोके असं सगळं रात्रभर नोंदवतात. मग दर 30 सेकंदांचा तुकडा तपासून जाग की झोप, हे ठरवतात. पण डोक्याला तारा चिकटवून अनोळखी गादीवर निरोगी माणसालाही डोळा लागायला वेळ लागतो, मधेच जाग येते, स्वप्नांची रेम झोप कमी होते. ॲग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी 1966 मध्ये याला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' म्हटलं. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये आणखी विलक्षण गोष्ट आढळली: पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. जणू तो पहाऱ्यावर असतो.

निद्रानाशात मात्र याच्या उलटही घडतं. रोज त्याच पलंगावर जागं राहून मेंदूने पलंगाची आणि जागेपणाची गाठ मारलेली असते. जागा बदलली की ती सैल होते आणि प्रयोगशाळेत झोप लागते. माझ्या मते असा 'बरा' अहवाल म्हणजे आजाराबद्दलचा मोलाचा धागा आहे. झोप येत नसेल तर पलंगावरून उठा, ही रिचर्ड बुट्झिन यांनी 1972 मध्ये मांडलेली उपचारपद्धती हीच गाठ सोडवते.

घरी मोजावं, तर मनगटावरचं यंत्र हालचालीवरून अंदाज बांधतं. निश्चल पडून छताकडे पाहणारा माणूस त्याच्या लेखी झोपलेलाच. झोपेच्या रोजनिशीत रुग्ण अनेकदा आपली झोप कमी धरतो. तरीही निद्रानाशाच्या निदानात त्याच्या सांगण्यालाच सर्वाधिक वजन आहे: आठवड्यातून किमान 3 रात्री, किमान 3 महिने त्रास, आणि त्याची दिवसाही झळ. हे एका रात्रीच्या आलेखात मावत नाही. झोपेत श्वास अडकण्यासारखी शंका असेल, तर प्रयोगशाळेतली तपासणी लागू शकते. तिथे सकाळी तारा काढताना एक प्रश्न आवर्जून विचारावा आणि उत्तर अहवालात लिहावं: कालची रात्र घरच्यासारखी गेली का?