कमी सामानाचा कोल्हापुरी मागोवा

दत्तप्रभू स्नानाला काशीला, भिक्षेला करवीरात आणि निद्रेला माहूरला असतात, अशी दत्तसंप्रदायाची जुनी श्रद्धा आहे. रोजच्या एवढ्या प्रवासाला सामान काय, तर झोळी आणि कमंडलू. यात कोल्हापूर भिक्षेचं गाव ठरलं, हे मला फार मोलाचं वाटतं. वाटेवर दार उघडणारं कुणीतरी असेल, तरच झोळी रिकामी ठेवून घराबाहेर पडता येतं.

याचं सगळ्यात कडक रूप म्हणजे या भागातल्या दिगंबर जैन मुनींचा विहार. हातकणंगले, शिरोळकडच्या रस्त्यांवर मुनी आणि त्यांच्यासोबत चालणारे श्रावक, म्हणजे संसारी जैन भक्त, आजही दिसतात. मुनींजवळ मोरपिसांची पिंछी, लाकडी कमंडलू आणि फार तर वाचायला एखादं शास्त्र. पिसं मोरानं आपसूक टाकलेली. बसण्याआधी पिंछीनं जागा अलगद झाडायची, म्हणजे किडामुंगी चिरडत नाही. आहार दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत. त्यामुळे ताटवाटीही लागत नाही. भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली आणि पुढे सम्मेदशिखर, दिल्लीपर्यंतचा मुलूख असाच अनवाणी पालथा घातला. अपरिग्रहाचं व्रत त्यांचं, पण आहार, मुक्काम, कमंडलूतलं उकळून गार केलेलं पाणी, हे सगळं गावोगावचे श्रावक बघत.

मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराची अशी सोय कोण करणार? त्याचं बिऱ्हाड घोड्यावर, म्हणजे घोड्याला झेपेल तेवढंच. मग एकेका वस्तूनं चार कामं करायची. घोंगडं रात्री अंथरायला, थंडीत पांघरायला, पाऊस आला की दुमडून डोक्यावर खोळ.

१८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. ओझं हमालाच्या डोक्यावर गेलं आणि ऐपत असलेल्यांच्या ट्रंका, होल्डॉल फुगत गेले. त्याच काळात उलटंही घडलं. १९०१ पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. राहण्याजेवण्याची ददात मिटल्यावर खेड्यातला पोरगा एका वळकटीवर शिकायला येऊ लागला. कमी सामानानं माणसाचं इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांकडेही एक ट्रंक आणि वळकटीच असे. एका गाळ्यात कितीतरी जण, झोप पाळीप्रमाणे, जेवण खानावळवालीकडे. १९८२ च्या संपानंतर अनेकजण तीच ट्रंक घेऊन गावी परतले. या राहणीला कुणी साधेपणा म्हणून गौरवलं की मला राग येतो. ती हौस नव्हती. जागा नव्हती आणि पैसे गावाकडे पाठवायचे होते.

आता लॉजवर गादी, चादर, टॉवेल मिळतो, पैसे मोबाईलमध्ये असतात. विमानात हातातल्या बॅगेला सहसा सात किलोंची मर्यादा, तेवढ्यात आठवडा सहज निघतो. जुनी माणसं ज्यासाठी श्रावकांवर, बोर्डिंगवर, खानावळीवर विसंबायची, ते आज पैसे मोजून मिळतं. सौंदत्तीच्या यात्रेला निघालेल्या कोल्हापूरकराला मात्र सात किलोंत भागवा म्हणून सांगता येणार नाही. त्याच्या एसटीत शेगडी, पातेली, शिधा सगळं चढतं, कारण यल्लम्माचा नैवेद्य तिथं डोंगरावर, आपल्या हातानं रांधायचा असतो.