ट्रान्स्पोजचे बटण बंद ठेवण्याविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्या बेळगावच्या दुकानातून कीबोर्ड घेणारे आणि मुलांना वर्गाला पाठवणारे पालक नेहमी विचारतात की, ट्रान्स्पोजचे बटण दाबून पट्टी बदलता येत असताना मुलांकडून बाराही पट्ट्यांचा सराव कशासाठी करून घेता. आमची पद्धत ज्यांच्या शिकवणीवर उभी आहे, त्या जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिस यांची कारकीर्द हेच त्याचे उत्तर आहे.

१९२९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या हॅरिस यांना पियानोचे पहिले धडे चर्चमध्ये वाजवणाऱ्या आईने दिले. १९६० मध्ये ते न्यूयॉर्कला आले, मोठमोठ्या वादकांबरोबर वाजवू लागले, परंतु शिकवणे त्यांनी सोडले नाही. १९८२ ते १९८७ या काळात त्यांनी तेथे ‘जॅझ कल्चरल थिएटर’ चालवले आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ते शिकवत राहिले. सा-ग-प-ध आणि रे-म-कोमल ध-नी हे दोन कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) आळीपाळीने घेत आठ स्वरांची चढण वाजवायची, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा आहे. यातला दुसरा, म्हणजे डिमिनिश्ड कॉर्ड, बारा पट्ट्यांत मिळून तीनच प्रकारचा असतो; म्हणून काही पट्ट्या बोटांत बसल्या की पुढच्या ओळखीच्या वाटू लागतात. ट्रान्स्पोज लावून वाजवणाऱ्याची बोटे मात्र पांढरी एक (सी) या एकाच पट्टीत अडकून राहतात. पं. रामभाऊ विजापुरे यांनी ज्या बेळगावात आयुष्यभर पेटी शिकवली, तेथे पट्टी बोटांनी बदलण्याचा आग्रह कोणाला जाचक वाटू नये.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो घरी भजनाच्या साथीसाठी लावलेले ट्रान्स्पोज तसेच राहिल्यामुळे. मग वर्गातल्या पेटीशी सूर जुळत नाही, आणि काही ग्राहक तर कीबोर्ड बेसूर झाला असे समजून तो खानापूर-निपाणीहून दुरुस्तीला आणतात. अनेक मॉडेल बंद करून चालू केल्यावर ट्रान्स्पोज शून्यावर येते, परंतु साठवलेले सेटिंग निवडताच ते पुन्हा लागू शकते. म्हणून निघण्यापूर्वी पडद्यावर ‘ट्रान्स्पोज’पुढे शून्य आहे ना, एवढे पाहावे. कार्यक्रमात ऐनवेळी गायिकेने काळी पाच मागितली, तर बटण वापरण्यास आमची हरकत नाही.

या अभ्यासासाठी महागडा पियानो लागत नाही. बोटांच्या दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा ६१ कींचा कीबोर्ड सुरुवातीला पुरतो. तो आमच्याकडे वाजवून पाहता येईल, आणि इतरत्र घेतलेला असला तरी त्याचे सेटिंग आम्ही विनामूल्य तपासून देऊ.