बाळ उशिरा रडलं म्हणजे नेमकं काय होतं?

सोलापुरात बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर मुलगा की मुलगी याच्याही आधी विचारलं जातं, ‘रडलं का?’ पूर्व भागातली मंडळी तेलुगूत विचारतात, अक्कलकोटकडची कानडीत. प्रश्न अगदी नेमका आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात आणि ऑक्सिजन वारेतून नाळेवाटे येतो. बाहेर येताच हे काम फुप्फुसांना उचलावं लागतं. दहातल्या साधारण एका बाळाला त्यासाठी मदत लागते.

वार आधीच सुटली, नाळ दबली किंवा कळा फार लांबल्या, की ऑक्सिजन कमी पडू लागतो. (‘गळ्याला नाळेचा वेढा होता’ हे कारण घरोघरी ऐकू येतं, पण वेढा पुष्कळ निरोगी बाळांनाही असतो.) अशा वेळी बाळाचं शरीर रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, मूत्रपिंड आणि आतडी उपाशी राहतात. टंचाई लांबली तर मेंदूही वाचत नाही. सुरुवातीला श्वास थांबलेलं बाळ पुसलं, पाठ चोळली तरी श्वास घेतं. पुढच्या टप्प्यात कितीही चोळा, उपयोग नसतो. फुप्फुसांत हवाच भरावी लागते. उलटं धरून चापट्या मारण्यात तर फक्त वेळ जातो.

हवा भरायला लागते एक रबरी पिशवी आणि बाळाच्या तोंडा-नाकावर नीट बसणारा मास्क. पहिल्या मिनिटाच्या आत हे सुरू व्हायला हवं. दिवस भरलेल्या बाळासाठी सुरुवात साध्या हवेनंच करतात, शुद्ध ऑक्सिजननं नाही. दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या सौगस्टाड यांच्यासह 1993 मध्ये साध्या हवेनंही काम भागतं असं दाखवलं. जास्तीचा ऑक्सिजन उलट पेशींना अपाय करतो, हेही पुढे स्पष्ट झालं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तर गावातल्या बायकांना हे तंत्र शिकवलं. मला वाटतं, या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट ही पिशवीच आहे, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

श्वास सुरू झाला, रंग आला, सगळ्यांनी हुश्श केलं. पण मेंदूचं दुखणं इथं संपलेलं नसतं. वीज गेल्यावर यंत्रमाग नुसता बंद पडतो. मोटार जळते ती वीज परत येतानाच्या झटक्यानं. मेंदूतही रक्तपुरवठा परतल्यावर काही तास बरे जातात आणि मग पेशींची दुसरी पडझड सुरू होते. झटके याच काळात दिसतात, आणि ते मोठ्या माणसासारखे नसतात : ओठ चुटचुटणं, पाय सायकलसारखे फिरणं, नजर एका जागी खिळणं.

मधल्या त्या तासांतच बाळाला थंड ठेवण्याचा उपचार बसतो. जन्मापासून 6 तासांच्या आत शरीराचं तापमान 33 ते 34 अंश सेल्सियसवर आणायचं, 72 तास तिथंच ठेवायचं, मग अगदी हळू वाढवायचं. श्रीमंत देशांत यानं मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. आपल्याकडे मात्र गोष्ट सरळ नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात 408 बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले : थंड केलेल्यांपैकी 42 टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. इथल्या बाळांची इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, असा एक तर्क आहे. त्यामुळे कोणत्या बाळाला थंड करायचं हे डॉक्टर जपूनच ठरवतात.

करमाळा किंवा मंगळवेढ्याहून बाळ सोलापूरला आणताना ओली फडकी, बर्फ असलं काही घरच्यांनी करू नये. उलट चूकही तितकीच वाईट : मे महिन्याच्या उन्हात चार दुपट्यांत घट्ट गुंडाळलेलं बाळ तापतं, आणि दुखावलेल्या मेंदूला ताप सोसत नाही. किती गुंडाळायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.

‘काचेत ठेवलंय’ म्हणजे आत बहुतेक साधीच कामं चाललेली असतात : रक्तातली साखर सांभाळणं, झटके थांबवणं, लघवी मोजणं, श्वासाला आधार. सौम्य त्रास झालेली बहुतेक बाळं पुढे छान वाढतात. तरी डिस्चार्जचं कार्ड जपून ठेवावं, कानांची तपासणी करून घ्यावी आणि दर भेटीत डोक्याचा घेर मोजायला सांगावं. चार महिन्यांनंतरही मान धरली नाही, किंवा एकच हात सतत मुठीत राहिला, तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नये.